जळगाव नायट्रेटच्या यादीत आलं, पण पिंप्राळ्यातल्या बोअरचं पाणी कसं आहे हे कोण सांगणार?

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल आला आणि जळगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी फिरू लागली. भूजलात नायट्रेटचं प्रमाण चिंताजनक असलेले देशातले १५ जिल्हे. त्यातले ७ एकट्या महाराष्ट्रातले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, यवतमाळ आणि जळगाव.

आकडे गंभीर आहेत. देशभरात तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळपास २० टक्क्यांमध्ये नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त होतं. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५ टक्क्यांच्या पुढे. २०१७ मध्ये ही समस्या ३५९ जिल्ह्यांत दिसली होती, २०२३ च्या नमुन्यांत ती ४४० जिल्ह्यांत दिसली.

आता ही यादी घेऊन जळगाव शहराच्या पश्चिमेला पिंप्राळ्यात जाऊ. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखलं जाणारं हे एकेकाळचं गाव आज शहराचं उपनगर आहे. मधे जुनं गावठाण, भोवती कॉलन्या आणि प्लॉट, त्यापलीकडे शेतं. शहराला पाणी वाघूर धरणातून येतं, पण ते नळाला रोज येत नाही. म्हणून अंगणात बोअर असतो, आणि त्याच प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात शौचालयाची टाकी.

इथल्या माणसाचा प्रश्न साधा असतो. जिल्हा यादीत आहे हे कळलं, माझ्या बोअरचं काय?

या प्रश्नाला अहवालात उत्तर नाही, आणि तो त्या अहवालाचा दोष म्हणता येणार नाही. देशभरातून १५ हजार २३९ नमुने घेतले गेले. देशाच्या क्षेत्रफळाला या आकड्यानं भागलं, तर सुमारे २१५ चौरस किलोमीटरमागे एक नमुना पडतो. या सरासरीनं अख्ख्या जळगाव जिल्ह्याच्या वाट्याला पन्नासेक नमुने येतात. तेवढ्यावर जिल्ह्याचं चित्र दिसतं, गल्लीचं दिसत नाही.

पण त्याहून मोठा प्रश्न पुढे आहे. समजा एखाद्या बोअरमध्ये नायट्रेट निघालं, तर ते काढायचं कसं? आणि निघालं की नाही, हे ठरवायचं कशावरून?

नायट्रेट दिसत का नाही?

नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. दुसरा स्रोत नसेल तर काही घटकांसाठी मर्यादा सैल करण्याची सोय या मानकात आहे. नायट्रेटला ती सवलत नाही.

कारण तान्ही बाळं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. बाळाचे ओठ, नखं निळसर पडतात. वेळेत लक्षात आलं नाही तर जीवावर बेततं.

इथे नेहमीचे घरगुती उपाय उलटतात किंवा वाया जातात. पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि नायट्रेट मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. टीसीएल पावडर जंतू मारते, नायट्रेटला हात लावत नाही. कॅन्डलचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, यूव्ही दिवा यांचंही तेच. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेलं नायट्रेट बसत नाही.

आलं कुठून, याची दोन मुख्य उत्तरं आहेत आणि पिंप्राळ्यासारख्या उपनगरात ती शेजारी-शेजारी नांदतात. एक शेतातलं खत, दुसरं सांडपाणी. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण ३ ते ४ किलो नायट्रोजन बाहेर पडतो. पाच माणसांच्या घराचा हिशेब केला तर पाऊण ते एक गोणी युरियाएवढा. टाकीचा तळ पक्का नसेल, तिचं पाणी शोषखड्ड्यात जात असेल, तर त्यातला बराच भाग मातीतून मुरताना नायट्रेट बनतो. कॉलनीत दोनशे घरं असतील तर दीडशे-दोनशे गोण्यांचा हा मुरवा दरवर्षी चालू असतो आणि त्याची नोंद कोणत्याच खत दुकानात नसते. भुयारी गटारीचा विषय रस्ते उखडले म्हणून चर्चेत येतो, पण तिचा भूजलाशी इतका थेट संबंध आहे.

आरओ बसवला की पाणी स्वच्छ झालं?

बादलीतलं झालं, जमिनीतलं नाही. सगळा घोळ इथेच आहे.

एक साधा हिशेब बघू. बोअरचं १००० लिटर पाणी आरओ संयंत्रात गेलं. त्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. संयंत्रानं ५०० लिटर चांगलं पाणी दिलं, त्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम उरलं. म्हणजे ५ ग्रॅम पिण्याच्या पाण्यात गेले. उरलेले ९५ ग्रॅम कुठे आहेत? मागच्या पाइपातून बाहेर पडणाऱ्या ५०० लिटर पाण्यात. तिथलं प्रमाण आता लिटरमागे १९० मिलिग्रॅम आहे, मूळ बोअरच्या जवळपास दुप्पट.

हा मागचा पाइप बहुतेक ठिकाणी गटारीत, नाल्यात किंवा संयंत्रामागच्या खड्ड्यात सोडलेला असतो. खड्डा मुरणारा असेल तर नायट्रेट फिरून त्याच भूजलात जातं, फक्त जास्त दाट होऊन. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये आरओमधून किमान ६० टक्के पाणी वापरात यावं असं म्हटलं होतं. त्यामुळे पाण्याची नासाडी कमी होईल, पण नायट्रेट तेवढंच राहतं. कमी पाण्यात कोंबलं गेल्यामुळे मागच्या पाइपातलं प्रमाण उलट आणखी वाढतं.

दुसरी अडचण मोजण्याची. आरओ संयंत्रावर, पाण्याच्या जारच्या दुकानात, घरी आलेल्या मेकॅनिकच्या हातात एकच यंत्र दिसतं: टीडीएस मीटर. पेनासारखं बुडवायचं, आकडा वाचायचा. हे यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यातले कॅल्शियम किती, मीठ किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. टीडीएस ३०० असलेल्या गोड पाण्यात नायट्रेट ८० असू शकतं. टीडीएस १२०० असलेल्या मचूळ पाण्यात ते १५ असू शकतं.

त्यात भर म्हणजे आरओचा पडदा सगळ्या क्षारांना सारखं अडवत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट हे मोठे पाहुणे दारातच अडतात, नायट्रेट त्यांच्यापेक्षा जास्त निसटतं. पडदा जुना झाला की ही गळती वाढते. मीटरवर आकडा ठीक दिसत राहतो आणि जारमधलं नायट्रेट मर्यादेकडे सरकत असतं. मुद्दाम नायट्रेट तपासल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

म्हणून संयंत्र चालवणं म्हणजे बटण दाबणं आणि पाच-दहा रुपयांत २० लिटर पाणी भरून देणं एवढंच धरलं, तर अर्धं काम राहतं. रोज आत किती पाणी गेलं, चांगलं किती निघालं, मागे किती सोडलं, पडद्यावरचा दाब किती होता, याची वही लागते. दर महिन्याला कच्च्या, शुद्ध आणि सोडलेल्या, अशा तिन्ही पाण्यांचं नायट्रेट मोजावं लागतं. दाब वाढत चालला आणि पाणी कमी मिळू लागलं, तर पडद्यावर क्षार बसलेत. शुद्ध पाण्यात नायट्रेट वाढू लागलं, तर पडदा बदलायची वेळ आली. संयंत्र बसवण्याचा निधी एकदाच येतो आणि त्याच्या उद्घाटनाचा फोटो निघतो. वही, तपासणी आणि पडद्याचा खर्च दरवर्षी येतो, त्याला फोटो नसतो. बंद पडलेल्या बहुतेक संयंत्रांची गोष्ट या एका फरकात सापडते.

मग जमिनीखालचं पाणी खरंच साफ करता येतं?

करता येतं, पण फार हळू आणि फार महाग. भारतातलं सर्वांत बोलकं उदाहरण राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं आहे.

१९८० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कारखान्यांत 'एच ॲसिड' हे रंग-उद्योगाला लागणारं रसायन बनू लागलं. उत्पादन फार काळ चाललं नाही. पण तेवढ्यात सुमारे अडीच हजार टन विषारी गाळ उघड्यावर पडला, पावसानं तो मुरला आणि विहिरींचं पाणी माणसांच्या, जनावरांच्या, शेतीच्याही कामाचं राहिलं नाही. लोकांच्या संतापामुळे गावात जमावबंदी लावावी लागली. १९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात न्यायालयानं ठरवलं की प्रदूषण करणाऱ्यानंच ते निस्तरण्याचा खर्च द्यायचा. आज पर्यावरणाच्या प्रत्येक खटल्यात ज्या तत्त्वाचा दाखला दिला जातो, त्याचा भारतातला पाया हा निकाल आहे. खर्चाचा अंदाज नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनं काढला होता: ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. पैसे भरले गेले नाहीत, अर्जांवर अर्ज होत राहिले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाला ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. दोन-तीन वर्षांचं उत्पादनही नाही, आणि बावीस वर्षं न्यायालयात.

बिछडीत निदान दोषी कोण, हे दाखवता येत होतं. एक कारखाना, एक गाळाचा ढीग. अशा ठिकाणी जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे दूषित पाणी विहिरींतून उपसायचं, वर साफ करायचं आणि वापरायचं किंवा परत सोडायचं. अमेरिकेनं १९८० पासून यावर प्रचंड पैसा घातला. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९४ मध्ये अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलेलं नव्हतं.

असं का होतं, हे रंग जाणाऱ्या नव्या कापडावरून कळेल. पहिल्या धुण्यात बादली लाल होते, चौथ्या धुण्यात पाणी जवळजवळ नितळ. पण तेच कापड रात्रभर बादलीत ठेवलं की सकाळी पाणी पुन्हा लाल. जमिनीतही दूषित पाणी मोठ्या फटींतून लवकर निघतं आणि बारीक भेगांत, चिकणमातीच्या थरांत अडकलेलं सावकाश बाहेर येत राहतं. पंप बंद करून विजयाची घोषणा केली की वर्षभरात आकडे परत चढतात. त्यामुळे अशा प्रकल्पात पंप बंद झाल्यानंतरची मोजणी ही पंप चालू असतानाच्या मोजणीइतकीच महत्त्वाची धरतात.

खान्देशात हे आणखी अवघड आहे, कारण जिल्ह्याची जमीनच दोन तऱ्हांची आहे. दक्षिणेकडे काळा दगड: पाणी भेगांतून धावतं आणि पन्नास फुटांवरच्या दोन बोअरचं पाणी वेगवेगळं निघू शकतं. तापीकाठी, रावेर-यावलकडे गाळाचे खोल थर: तिथे पाण्याची पातळी खोल गेलीय आणि वरून मुरलेलं नायट्रेट तिथवर पोचायला वर्षानुवर्षं लागतात. आज खत निम्म्यावर आणलं तरी काही वर्षं बोअरचा आकडा वाढतच राहू शकतो. मागच्या काळात टाकलेलं खत अजून वाटेत आहे.

केळीची बागच शुद्धीकरण केंद्र?

इथे एक गोष्ट खान्देशच्या बाजूनं आहे. कारखान्याचं रसायन कुणालाच नको असतं, नायट्रेट मात्र पिकाचं अन्न आहे.

ज्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट आहे, त्या १ लाख लिटर पाण्यात १० किलो नायट्रेट असतं. त्यातला नायट्रोजन सव्वादोन किलो, म्हणजे सुमारे ५ किलो युरियाएवढा. एका हेक्टरला १००० मिलिमीटर पाणी दिलं तर ते होतं १ कोटी लिटर, आणि केळीला ठिबकवरही हंगामभरात एवढं किंवा त्याहून जास्त लागतं. या पाण्यासोबत शेतात गेलेला नायट्रोजन आहे २२६ किलो. ४५ किलोच्या युरियाच्या जवळपास ११ गोण्या.

केळीची शिफारस झाडाला २०० ग्रॅम नायट्रोजनची आहे. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४ हजार ४४४ झाडं, म्हणजे सुमारे ८९० किलो. त्यातला चौथा हिस्सा बोअरच्या पाण्यातूनच येत असेल, तर तेवढा विकत घेऊन वर टाकलेला जातो कुठे? खालीच.

म्हणजे दूषित पाणी उपसायचं, पिकाला द्यायचं आणि पाण्यातलं नायट्रोजन खताच्या हिशेबातून वजा करायचं. पंप शेतकऱ्याचे आहेतच, शुद्धीकरण केंद्र म्हणजे बाग. वजाबाकी केली नाही, तर मात्र हे केंद्र उलटं चालतं.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात प्लॅट नदीच्या खोऱ्यात १९८७ पासून नेमकं हे केलं जातंय. नायट्रेट जास्त असलेल्या पट्ट्यात शेतकऱ्यांना माती आणि पाणी तपासून त्यानुसार खत कमी करण्याचं बंधन आहे. आकडे उतरले, पण दशकांच्या गतीनं. युरिया इतका स्वस्त आहे की आपल्याकडे वजाबाकीचा आग्रह कुणी धरत नाही, आणि बोअरचं नायट्रेट माहीत नसेल तर वजाबाकी करायची तरी कशी?

मोजायचं कुणी आणि कसं?

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची पाणीपातळी मोजली जाते. गावांत जल जीवन मिशनमधून महिलांना तपासणी किट वापरायचं प्रशिक्षण दिलं गेलं, ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनुसार लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. शहरात महापालिका आपल्या नळाचं पाणी तपासते.

पिंप्राळ्यातला खासगी बोअर या दोन्हींच्या मधे पडतो. गावाची यंत्रणा त्याला शहर म्हणते, शहराची यंत्रणा त्याला खासगी म्हणते. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, तो अमलात आला जून २०१४ मध्ये, आणि भूजल दूषित करायला त्यात मनाई आहे. पण शंभर शोषखड्डे आणि चाळीस शेतं मिळून जे करतात, त्यात नोटीस कुणाच्या नावानं काढायची?

म्हणून सुरुवात मोजणीपासूनच करावी लागते, आणि एकदा मोजून भागत नाही. पावसाळ्यात नवं पाणी मिसळल्यानं आकडा खाली येऊ शकतो, किंवा मातीतलं नायट्रेट धुपून खाली गेल्यानं वरही जाऊ शकतो. भूजल मंडळाच्या अहवालात नेमानं तपासल्या जाणाऱ्या ठिकाणी पावसाळ्यानंतर प्रमाण थोडं वाढलेलंच दिसलं. मेमधल्या एका बोअरची ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या बोअरशी तुलना करून 'सुधारणा झाली' म्हणणं निरर्थक आहे. तोच बोअर, तीच खोली, तेच महिने, निदान पाच-सात वर्षं.

नमुना घेण्याचीही रीत आहे. पाइपातलं साचलेलं पाणी निघून जाईपर्यंत पंप चालू ठेवायचा, टाकीतलं पाणी भरायचं नाही. बाटली त्याच पाण्यानं विसळायची, बर्फात ठेवायची, दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायची. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीतले जीवाणू नायट्रेट खातात, आणि अहवाल फसवा चांगला येतो.

स्रोत कोणता, हेही काही प्रमाणात त्याच नमुन्यातून कळतं. सांडपाण्यात मीठ असतं, त्यामुळे नायट्रेटसोबत क्लोराइडही चढलेलं असेल तर संशय टाकीकडे जातो. क्लोराइड कमी आणि नायट्रेट जास्त असेल तर खताकडे. पक्कं सांगायला नायट्रोजनच्या समस्थानिकांची तपासणी लागते, ती महाग आहे.

डेन्मार्कनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस देशभर भूजल निरीक्षणाचं जाळं उभारलं आणि पुढे नमुन्याचं वयही काढलं, म्हणजे हे पाणी जमिनीत कोणत्या वर्षी मुरलं. त्यावरून त्यांना दिसलं की १९८० च्या दशकानंतर, खतावर निर्बंध आल्यावर, मुरलेल्या पाण्यात नायट्रेट उतरत गेलंय. नुसत्या सरासरीत जुनं आणि नवं पाणी मिसळून हे दिसलं नसतं.

पिंप्राळ्याला एवढं काही लागणार नाही. गावठाणातल्या दोन जुन्या विहिरी, टाक्या असलेल्या कॉलन्यांतले चार बोअर, भुयारी गटार जोडल्या गेलेल्या भागातले चार आणि शेताकडचे दोन, असे बारा नमुने वर्षातून दोनदा, नायट्रेट आणि क्लोराइडसाठी तपासले तरी तीन-चार वर्षांत बरंच कळेल. नवीन गटारीनं भूजल सुधारतंय का, याचं उत्तरही त्यातूनच मिळू शकतं. प्रत्येक जिल्ह्याला पाणी तपासणी प्रयोगशाळा आहे, तिथे नागरिकाला स्वतःचा नमुना शुल्क भरून देता येतो. देताना 'पूर्ण तपासणी'च्या चिठ्ठीत नायट्रेट लिहिलंय ना, हे पाहून घ्यावं. घरात तान्हं बाळ असेल, तर त्याचा अहवाल हातात येईपर्यंत बोअरचं पाणी दुधात नको.